गॅलरीतलं ओलं धान

चार लोकांत कसं वागायचं, हे मला कोणी शिकवू नये! आमगावात माझं किराणा दुकान आहे, गावाबाहेर दोन एकर धानाची, म्हणजे तुमच्याकडच्या भाताची, शेती आहे आणि लग्नाची बैठक असो की गावातला तंटा, लोक खेमराजभाऊंना पहिल्या रांगेत बसवतात. त्यामुळे मुंबईला लेकीची आर्ट गॅलरी बघायला जायचं ठरलं, तेव्हा मला काळजी होती ती फक्त माझ्या बायकोची.

सुशिलाला कुठलीही वस्तू हात लावल्याशिवाय दिसतच नाही! साडीच्या दुकानात ती शेजारच्या बाईने पसंत केलेल्या साडीचाही पदर चुरगाळून बघते. आणि आमच्या रुचीने तर फोनवर बजावून सांगितलं होतं, "बाबा, या. पन इथं कोनत्याच वस्तूले हात लावू नका. माझी नोकरी अजून कच्ची आहे."

रुची नागपुरात चित्रकला शिकली आणि मुंबईच्या त्या गॅलरीत लागली. तीन महिने कच्ची नोकरी. काम पसंत पडलं तर पक्की, नाहीतर सामान बांधून आमगाव. आणि आमगावात तिच्या दोन मावश्या स्थळांच्या फोटोंसह तयारच बसल्या होत्या. पोरीला शहरात राहायचं होतं, चित्रांत राहायचं होतं. तीन महिने येत्या शनिवारी संपत होते आणि आम्ही मंगळवारी पोचणार होतो.

गोंदियाला गाडीत बसल्यापासून मी सुशिलाला सात वेळा सांगितलं.

"ऐकून राहिली ना? हात लावायचा नाई!"

"ऐकून राहिली जी. आता झोपू देता का?"

ती झोपली. मी नाही झोपलो. वरचा बर्थ, समोर घोरणारा एक गृहस्थ, आणि पायात नवे बूट, जे चोरीला जाऊ नयेत म्हणून मी रात्रभर काढलेच नाहीत. सकाळी मुंबईत उतरलो तेव्हा पाय सुजून बुटांच्या मापाचे झाले होते. रुचीची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तिथून दोन बस बदलून गॅलरी. दुपारी बारा वाजता मी त्या दारात पोचलो, तेव्हा कलेबिलेचं मला काही पडलं नव्हतं. मला हवं होतं एक बाकडं आणि थोडा गारवा!

दारावर पाटी होती, 'प्रवेश विनामूल्य.' मी दुकानदार माणूस, फुकट म्हटलं की मला आधी शंका येते. पण आतून एसीचा झोत आला आणि शंका विरघळली.

रुचीने दारातच परत एकदा बजावलं आणि आम्हाला आत नेलं. आत सगळं पांढरंफेक. एका भिंतीवर गंजकी सायकल उलटी टांगलेली. दुसऱ्या भिंतीवर एक मोठ्ठी कोरी पाटी, चौकट लावलेली.

"इथं रंग द्यायचा राहिला वाटते," सुशिला म्हणाली.

"चूप! समजत नाई तर मान हलवाव."

मी मान हलवून दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हॉलमधल्या एकुलत्या एक बाकड्यावर जाऊन बसली. शेजारी पिशवी ठेवली, पिशवीशेजारी छत्री. म्हणजे माझी जागा गेली! ते बाकडं खरोखर बसायचं आहे ना, हे मी रुचीला दोनदा विचारून घेतलं. होतं बसायचंच.

"बाबा, मॅडमनी वर बोलावलं. दहा मिनिटांत येते," रुची म्हणाली. "तवरक आईकडं लक्ष ठेवजा."

"तू काळजीच करू नको!" मी म्हटलं. हे वाक्य आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

बसायला जागा शोधत मी पुढच्या हॉलमध्ये गेलो आणि थबकलो. हॉलच्या मधोमध, काळ्या प्लॅस्टिकवर, गुडघ्याएवढी धानाची रास! अहो, शहरात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी ओळखीचं भेटलं! मी कौतुकाने जवळ गेलो. आणि जवळ गेल्यावर पाहिलं तर राशीवर पाण्याचे थेंब चमकत होते.

धान ओलं होतं!

ज्यांच्या घरी धान होत नाही त्यांना हे समजणार नाही. मागच्या दिवाळीला अवकाळी पाऊस आला आणि माझी अर्धी रास ताडपत्रीखाली भिजली. आठ दिवसांनी उघडून पाहिलं तर कोंबच कोंब! ते धान मी बैलांपुढे टाकलं आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही. आमच्याकडे आभाळ भरून आलं की रास कोणाची हे कोणी विचारत नाही. ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्याचीही रास झाकायला माणूस धावतो. धान भिजताना हात बांधून उभा राहणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचा आहे!

मी इकडेतिकडे पाहिलं. राखणदार चहाला गेलेला. भिंतीवर एक कागद होता, पण सगळा इंग्रजीत. मी बूट काढले, कारण धानावर पायताण घालून कोणी जात नाही. खरं सांगतो, पहिली दोन मिनिटं मी नुसता उभा होतो. मग एक दाणा उचलून दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्ट वाजतो. हा मुकाट्याने दबला! राशीत कोपरापर्यंत हात घातला. आत गारढोण पाणी आणि आंबूस वास.

"सुशिला!" मी ओरडलो. "धान भिजलं वो!"

पलीकडच्या हॉलमधून आवाज आला, "हात लावू नका जी!"

पण आता उशीर झाला होता. मी दोन्ही हातांनी रास फोडायला लागलो होतो. एवढ्यात कुरळ्या केसांचा एक पोरगा, दोन कॉलेजच्या पोरी आणि कुर्ता घातलेले एक टकले काका आत आले. मी एकटा माणूस, रास चार क्विंटलची!

"अरे, देखते क्या हो? जूते उतारो, हात लगाओ!" मी म्हटलं.

आणि काय सांगू, चौघांनी खरंच बूट काढले! त्यांना वाटलं, इथे असंच करायचं असतं. मी त्यांना शिकवलं, धान आधी पसरायचं, मग त्यात पाय घासत चालायचं म्हणजे सऱ्या पडतात आणि वारा लागतो. कुर्तेवाले काका तर डोळे मिटून चालायला लागले.

"काका, आँखें खोलो! धान बाहर जा रहा है!"

"बहुत शांति मिल रही है," ते म्हणाले.

"शांति बाद में! पहले वो कोना पलटाओ!"

दहा मिनिटांत हॉलभर धान झालं. आता फक्त ऊन कमी होतं. कोपऱ्यात एक मोठी खिडकी होती, पांढऱ्या पडद्याने झाकलेली. मी पडदा सारला, कडी काढली, तावदानं सताड उघडली. काय सुंदर ऊन आलं हो आत! पार भिंतीपर्यंत!

उन्हापाठोपाठ कबुतरं आली.

मुंबईत एवढी कबुतरं असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं! आधी दोन आली, मग वीस, मग मी मोजणं सोडलं. निम्मी धानावर उतरली, निम्मी एका पांढऱ्या पुतळ्यावर जाऊन बसली आणि तिथे त्यांनी जे करायचं ते केलं. मी "हुश्श! हुश्श!" करत गमछा फिरवायला लागलो. पोरी किंचाळल्या. काकांनी डोळे पुन्हा मिटले.

आणि दारात रुची उभी होती. तिच्या मागे तिच्या टीना मॅडम आणि डोक्यावर अंबाडा बांधलेला एक हडकुळा तरुण.

"बाबा..." रुची एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा बसला होता, की कबुतरांची फडफड चालू असूनही मला तो स्पष्ट ऐकू आला.

"अंकल, ये क्या किया आपने? ये आर्टवर्क है!" टीना मॅडम ओरडल्या.

"मॅडम, ये धान है! और गीला है!"

"गीला ही रखना था! रुची रोज सुबह इस पर पानी डालती है!"

मी लेकीकडे पाहिलं. माझ्या हातून काय घडलंय ते बाजूलाच राहिलं, मला दुसराच धक्का बसला.

"रुचे! तू धानावर पानी टाकून राहिली? शेतकऱ्याची टुरी असून?"

"बाबा, तेच माझं काम होतं!" आणि ती रडायलाच लागली.

मग सगळं समजलं. तो अंबाडावाला तरुण म्हणजे कलाकार. राशीला कोंब फुटणार, रास हिरवी होणार, हीच त्याची कला. शनिवारी मोठमोठे पाहुणे ते बघायला येणार. पाणी घालण्याची जबाबदारी रुचीची, आणि त्यावरच तिची नोकरी अडलेली! थकवा म्हणा, लाज म्हणा, मी त्या धानातच बसलो.

"मॅडम, पोरीचा काई दोष नाई," मी म्हटलं. "तिनं मले फोनवर सांगितलं, घरी सांगितलं, दारात सांगितलं. हात मीच लावला. मले काय म्हनायचं ते म्हना, तिची नोकरी घेऊ नका."

कलाकार माझ्या शेजारी धानात येऊन बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "तसंही काय बिघडलं? बारा दिवस झाले, एक कोंब नाही आला."

"कसा येईन?" मी म्हटलं. "एवढ्या थंडीत? रोज पानी, खाली प्लॅस्टिक, वरून एसी! धान जागं होऊन नाई राहिलं, सडून राहिलं. मोड यायले ऊब लागते ना बाप्पा!"

तेवढ्यात मागून सुशिलाचा आवाज आला. ती बाकड्यावरून पहिल्यांदाच उठली होती. हात मात्र पदरात गुंडाळलेले, कशाला लागू नयेत म्हणून!

"याहिले येते जी ते," ती मॅडमना म्हणाली. "दरसाल पेरनीले मोड हेच आनतात. तेवढं एक काम धड येते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "शनिवार तक हो जाएगा?"

मी रुचीकडे पाहिलं. डोळे पुसत ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी जत्रेत पाळण्यात बसताना बघायची तशी.

"हो जाएगा," मी म्हटलं. "लेकिन एसी बंद करना पड़ेगा."

हे मी माझ्या तोंडाने म्हणालो! ज्या गारव्यासाठी आत शिरलो, तो मीच बंद करायला लावला!

मग काय विचारता! सडलेलं धान वेगळं काढलं, चांगलं निवडलं, ओल्या पोत्यांत भरलं, वरून चित्रं गुंडाळायच्या गोधड्या झाकल्या आणि त्यावर वजन म्हणून एक दगड ठेवला. आधी तो दगड पण कोणाची कला नाही ना, हे विचारून घेतलं. हॉलची दारं-खिडक्या बंद. आत मी आणि पोती. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी शिंपडायचं, पोती उलटीसुलटी करायची आणि उरलेल्या वेळात घाम पुसायचा. बाकडं मात्र मला मिळालं. पण तोवर वाकून वाकून कंबर गेली होती.

रोज संध्याकाळी सुट्टी झाली की रुची आईला फिरवायला न्यायची. सुशिलाने समुद्र पाहिला. बोटीत बसली. मला फोटो पाठवायची, खाली लिहायची, 'धान कसं आहे?'

शुक्रवारी सकाळी मी पोतं उघडलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब! मागच्या दिवाळीला हेच कोंब बघून माझं काळीज फाटलं होतं, आणि आज मला खरंच भरून आलं. मी रुचीला हाक मारली. आम्ही बाप-लेकीने मिळून ती रास पुन्हा रचली, हळूहळू, एकही कोंब न मोडता. हिरवं काही झालं नव्हतं, पण कलाकार म्हणाला, हेच जास्त चांगलं आहे. त्याने वाकून मला नमस्कार केला. अंबाडा माझ्या नाकाला लागला.

शनिवारी संध्याकाळी गाडीच्या आधी तासभर वेळ होता. मी धुतलेला सदरा घातला, ते बूट घातले आणि गॅलरीच्या दारात पोचलो. रुची दारातच उभी होती, गळ्यात नवं ओळखपत्र.

"बाबा! नोकरी पक्की झाली!" ती गळ्यातच पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जायला निघालो. ती हलली नाही.

"बाबा... मॅडमनी मले पक्क्या नोकरीचं पयलं काम सांगितलं."

"मग कर ना बेटा! काय काम आहे?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमाले आत येऊ द्यायचं नाई."

'प्रवेश विनामूल्य' या पाटीखाली मी काचेबाहेर उभा राहिलो. आत एसी नव्हता, त्यामुळे सगळे बडे पाहुणे वारा घेत माझ्या राशीभोवती फिरत होते. सुशिला बाकड्यावर. कोटातल्या एका साहेबांनी राशीकडे हात नेला मात्र, मी दोन्ही हातांनी काच बडवली.

"ओ साहेब! हात लावू नका!"

राखणदाराने मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं.

समुद्र कसा होता ते सुशिलाने गाडीत सगळं सांगितलं म्हणे. मला माहीत नाही. मी गोंदिया येईपर्यंत झोपलो होतो.