दोनदा नको, मग रजा

ब्रिटा स्लेटन शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख डॉक्टर कॅपूटोंच्या केबिनमध्ये चार दिवसांची रजा मागायला गेली आणि एका दिवसाची घेऊन बाहेर आली. भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. उलट डॉक्टर कॅपूटो चार दिवस द्यायलाच बसल्या होत्या.

"रेसिडेन्सीच्या मुलाखती ना? किती दिवस हवेत?"

"छे, तसं काही अडलेलं नाही."

"सगळे चार मागतात. चार लिहू?"

"चार कशाला? तुमची उगाच अडचण."

"मग दोन?"

"दोनसुद्धा जास्तच होतील हो."

डॉक्टर कॅपूटोंनी कागदावर 'एक' लिहिलं, सही ठोकली आणि तारीख विचारली. ब्रिटाने गडबडून भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसली ती तारीख सांगितली, अठरा नोव्हेंबर.

दोष तसा कुणाचाच नव्हता. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला हळूच हात पुढे करायचा, हे इथलं मूल बोलायच्या आधी शिकतं. डॉक्टर कॅपूटो न्यू जर्सीच्या. इथे येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना इथलं पाणी लागलं नव्हतं. नको म्हणजे नको, अशी त्यांची साधी समजूत होती.

ब्रिटाला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. शेवटचं वर्ष होतं, नोव्हेंबरभर शस्त्रक्रिया विभागात ड्युटी होती, आणि रजेच्या कागदाबाहेर एक दिवस जरी दांडी मारली तरी अख्खा महिना पुन्हा करावा लागला असता. मग जूनमध्ये पदवी नाही आणि रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरची हॉस्पिटलातली प्रशिक्षणाची जागाही नाही. त्यातून तिला हवं होतं मिनेसोटातलंच डुलुथचं हॉस्पिटल. वर्षाला चार जागा, आणि वॉर्डाच्या खिडकीतून दिसणारा तो मोठा तलाव. हे तिने अर्थातच कुणाला सांगितलं नव्हतं. एखादी गोष्ट इतकी उघडउघड हवीशी वाटणं चारचौघांत शोभत नाही.

मुलाखतीची आमंत्रणं ईमेलने यायची आणि दहा-वीस मिनिटांत वेळा भरून जायच्या. ब्रिटा पाच-पाच तास ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन लॉकरमध्ये. म्हणून बाकीची मुलं करतात तेच तिने केलं, ईमेलचा पासवर्ड घरी दिला. घरी म्हणजे बाबांना. आर्विड स्लेटन पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण उत्तर द्यायची संधी पहिल्यांदाच आली होती.

"मुलाखती घरूनच, कॅमेऱ्यासमोर आहेत," ब्रिटाने बजावलं. "अठरा तारखेला सकाळी एक, दुपारी एक बसव. आमंत्रण आलं की लगेच हो म्हण."

"कळलं," बाबा म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसले होते.

"चार पत्रं आली. बॉस्टन, फिनिक्स, फिलाडेल्फिया आणि डुलुथ. फार सुरेख लिहितात ही माणसं."

"हो म्हणालास ना?"

"म्हणण्याच्या बेतात आहे."

ब्रिटाने पडद्यावरचं उत्तर वाचलं. 'आपण आठवण ठेवलीत यातच सगळं आलं. पण आमच्यामुळे आपली गैरसोय होत असेल, किंवा एखाद्या गरजू मुलाची जागा जात असेल, तर कृपया आमचा विचार करू नये.'

"बाबा, हे काय लिहिलंस?"

"मग काय, पहिल्याच पत्राला हो म्हणायचं? त्यांना वाटेल, ताट मांडूनच बसले होते."

बॉस्टनचं उत्तर नऊ मिनिटांत आलं होतं, 'नोंद घेतली, शुभेच्छा.' फिनिक्सने तर शुभेच्छाही दिल्या नव्हत्या. फिलाडेल्फियाला ब्रिटाने दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत स्वतः फोन केला. जागा भरल्या होत्या.

"चांगली भांडलीस का?" बाबांनी रात्री जेवताना विचारलं.

"भांडले ना. 'काही हरकत नाही' असं जरा कडक आवाजात म्हटलं."

"इतकं बोलायची गरज नव्हती," बाबा म्हणाले.

राहता राहिलं डुलुथ. तिथल्या कार्यालयातल्या मिसेस हॉगेन बाईंनी मात्र उलटटपाली लिहिलं होतं, 'छे छे, गैरसोय कसली? जरूर या.' त्यावर बाबांनी रीतसर दुसरा नकार कळवला होता, आणि आता तिसऱ्या पत्राची वाट बघत होते.

"मी आत्ताच हो लिहिते," ब्रिटा म्हणाली.

"लिही. पण मग मिसेस हॉगेन काय समजायचं ते समजतील."

ब्रिटाने 'हो' टाइप केलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खोडून टाकलं. तिचं तिलाच रडू आलं.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारपर्यंत पत्र नाही, म्हणजे अठरा तारखेला एकही मुलाखत नाही. आता मुलाखतीशिवाय मुलाखतीची रजा उपभोगणं ब्रिटाच्या मनाला पटेना. ती पुन्हा डॉक्टर कॅपूटोंसमोर उभी राहिली. डॉक्टर म्हणतील, असू दे, ठेव, लागेल कधी, असा तिचा अंदाज होता.

"ती रजा... नाही मिळाली तरी चालेल खरं तर."

"नको?"

"म्हणजे तशी काही..."

डॉक्टर कॅपूटोंनी 'एक'वर काट मारली. "अठराला सकाळी सहाला माझ्याबरोबर पित्ताशय. नीट झोपून ये."

त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. आवाज आनंदाने कापत होता. "आलं! तिसरं आलं. मी लगेच हो कळवलं. एकच वेळ उरली होती, मिसेस हॉगेननी आपल्यासाठी धरून ठेवली होती. अठरा तारीख, सकाळी आठ. ब्रिटा? ऐकतेयस ना?"

ब्रिटाने फोन लॉकरमध्ये टाकला. मग तिने जाऊन डॉक्टर कॅपूटोंच्या केबिनचं दार तिसऱ्यांदा वाजवलं.

"आता काय?" डॉक्टर कॅपूटो म्हणाल्या. "पगारही परत करायचाय? तो तर तुला नाहीच."

"ती रजा. अठराची. तुम्हाला जमत असेल तर, आणि पित्ताशयाला दुसरं कुणी मिळत असेल तर, नाहीतर राहू दे, मी..."

"स्लेटन, हवी आहे का नको आहे? एका शब्दात."

ब्रिटाला दोनदा नको म्हणायला शिकवणारी आजी आठवली, चर्चमधल्या सगळ्या बायका आठवल्या.

"हवी," ती म्हणाली. "पण जर..."

"पहिल्या शब्दावर थांब." डॉक्टरांनी नवा कागद ओढला. "मी पहिल्याच दिवशी चार देत होते. रजा नको म्हणणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. मला वाटलं, तुला शस्त्रक्रिया फारच आवडते."

अठरा तारखेला ब्रिटा कॅमेऱ्यासमोर बसली. बाबा दाराबाहेर, कॉफीचा कप घेऊन. मुलाखत उत्तम चालली होती. शेवटी डुलुथच्या मुख्य डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

बहुतेक डॉक्टर कॅपूटोंचा तो एक शब्द अजून अंगात भिनलेला होता. "मला डुलुथच हवं आहे," ब्रिटा म्हणाली. "दुसरं कुठलंच नको."

पडद्यावरच्या पाचही जणांनी नजरा खाली वळवल्या. एक जण उगाचच चष्मा पुसायला लागला. दाराबाहेर कप बशीवर आपटला.

"पोरी," बाबा नंतर म्हणाले, "इतकं नागडं कुणी बोलतं का?" त्या रात्री ते फारसं जेवले नाहीत.

मार्चमध्ये निकाल लागला. डुलुथ. सोबत मिसेस हॉगेन बाईंची दोन ओळींची चिठ्ठी होती. 'एकोणीस वर्षांत आम्हाला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे चार दिवस दुसरा विषय नव्हता.' बाबांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवताना म्हणू लागले, "मी तर तिला आधीपासून सांगत होतो, स्पष्ट बोलावं."

ब्रिटाने ओट आणि जर्दाळूच्या वड्यांचा ट्रे भाजला आणि गरम गरम डॉक्टर कॅपूटोंकडे घेऊन गेली. केबिनभर लोण्याचा वास पसरला. डॉक्टरांनी ट्रेकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"अगं, कशाला त्रास घेतलास? नको मला."

"घ्या ना."

"नको, खरंच नको. तुमच्या घरी लागतील."

ब्रिटा आता शहाणी झाली होती. नको म्हणजे नको. तिने ट्रेवर झाकण बसवलं, मनापासून आभार मानले आणि निघाली. ती लिफ्टपाशी पोचते न पोचते तोच मागून धावत येणाऱ्या चपलांचा आवाज आला.

"स्लेटन," डॉक्टर कॅपूटो धापा टाकत म्हणाल्या, "तिसऱ्यांदा कोण विचारणार?"