पेट्रोलचा नळ

आमच्या घरात नळ ठिबकत नाही, दिवा उगाच जळत नाही, गॅसचं बटण उघडं राहत नाही. का? तर मी आहे म्हणून. शाळेत मी तीनच वर्षं गेले, पण उघडी राहिलेली वस्तू मला भिंतीपलीकडून कळते. आमचा मुलगा एवढा शिकला, ऑफिसात फिरत्या खुर्चीवर बसतो, पण तोंड धुऊन झाल्यावर नळ बंद करायला त्याला अजून माझी हाक लागते.

सून मात्र कामाची. जनावरांची डॉक्टर आहे, डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन गाईगुरांना लस टोचते. तिकडे डांबर संपलं की नुसते दगड, म्हणून तिनं माहेरून वडिलांची जुनी मोटरसायकल आणली. ती डांबरावरही चालते आणि दगडधोंड्यांतूनही. दिसायला उंट. चाक खाली आणि त्यावरचं मडगार्ड हातभर वर, जसं काही दोघांचं बोलणं बंद आहे. सून तिच्यावर टांग टाकते तेव्हा मी दुसरीकडे बघते.

तर गेल्या आठवड्यात ही गाडी खोकायला लागली. मुलगा म्हणाला, "मेकॅनिक कशाला? मी करतो." त्यानं दारापुढच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, फोनवर एक माणूस लावला आणि तो सांगेल तसं उघडत गेला. त्या माणसानं आधी पेट्रोलचा नळ बंद करायला सांगितलं. टाकीच्या खाली बोटाएवढा नळ असतो, हे मला तेव्हा कळलं. मुलानं कार्बोरेटर काढला, धुतला, फुंकला, बसवला, नळ उघडला आणि किक मारली. गाडी गुरगुरली. सून हसली. मुलगा असा चालत आत आला की दार त्याला अरुंद पडलं.

संध्याकाळी मी ओट्यावर गेले, तर नळ उघडाच. आत स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली आणि बाहेर पेट्रोलचा नळ उघडा टाकून शिकलेली माणसं जेवायला बसलेली! मी मुकाट्यानं बंद केला. असल्या गोष्टींचा मी गाजावाजा करत नाही.

सकाळी सून निघाली. गाडी झोकात सुरू झाली, गल्लीच्या टोकाला बेकरीपर्यंत गेली आणि मेली. सून ढकलत परत आली.

"प्लग असणार," मुलगा म्हणाला.

"टाकी तर काठोकाठ भरलीय," सून म्हणाली.

"मग प्लगच."

त्यानं प्लग बदलला, किक मारली. गाडी गुरगुरली. संध्याकाळी मी नळ बंद केला. सकाळी गाडी बेकरीपाशी मेली. मग त्यानं एअर फिल्टर धुतला, गाडी गुरगुरली, मी नळ बंद केला, गाडी बेकरीपाशी मेली. बेकरीवाला सूनबाईला लांबून बघितलं की स्टूल बाहेर काढून ठेवायला लागला.

मला काही उमजेना. बिघाडालाही जागा ठरलेली असते का? बेकरीच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही. मी मुलाला विचारलंसुद्धा, "अरे, तिला पाव आवडतो की काय?" तो हसला नाही.

हसण्यासारखं नव्हतंच. सूनबाईच्या ऑफिसातून निरोप आला होता: सोमवारी वरच्या वस्तीवर पोचायलाच हवं. गाडी भरवशाची नसेल तर शहरातल्या दवाखान्यात बदली घ्या. बदलीचा अर्ज तिच्या पिशवीत येऊन पडला होता. सून गेली की मुलगा जाणार. मग तीन खोल्या आणि मी. बंद करायला नळसुद्धा कोण उघडा टाकणार होतं?

रविवारी मेकॅनिक आला. मी त्याला चहा दिला. त्यानं एका हातात कप धरला, दुसऱ्या हातानं टाकीखाली चाचपलं आणि विचारलं, "हा नळ बंद का?"

"मीच केला असेन," मुलगा म्हणाला. "काम करताना बंद करतात ना. नंतर उघडतो असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी बंदच सापडतो."

"कामानंतर बंद ठेवला तर कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी दोन मिनिटं चालते. मग थांबते. तुमची कुठवर जाते?"

"बेकरीपर्यंत," सून म्हणाली.

माझ्या हातातली किटली मी हळूच खाली ठेवली.

सून मुलाकडे बघत होती. "म्हणजे गाडी धडधाकट आहे. रोज तू बंद करायचास आणि रोज मी ढकलायची. उद्या भर डोंगरात मी कुणाच्या भरवशावर जाऊ?" तिनं पिशवीतून अर्ज काढला.

मुलाचं तोंड एवढंसं झालं. मी घसा साफ केला. असलं वाक्य तोंडात कधी फिरवलंच नव्हतं, त्यामुळे ते अडखळत बाहेर आलं.

"नळ मी बंद करत होते."

"आई, राहू दे," मुलगा म्हणाला. "दर वेळी मला पाठीशी घालू नकोस."

"पाठीशी कुठलं घालतेय, मेल्या! रोज संध्याकाळी मी स्वतः ओट्यावर..."

"तू आयुष्यात एकदा तरी चूक कबूल केलीयस का? आणि आज बरी सापडली?"

मुद्दा बिनतोड होता. मेकॅनिक कपात बघत म्हणाला, "आईचं काळीज, मावशी. माझी आईपण अशीच खोटं बोलायची."

मी सुनेकडे वळले. ती जनावराच्या डोळ्यांत बघून ताप ओळखते, म्हटलं हिला तरी खरं कळेल. तिचेच डोळे भरून आले होते. "आई, मी जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय?" असं म्हणून तिनं त्या अर्जाला तेलकट हात पुसले आणि तो चुरगळून मेकॅनिकच्या कचऱ्यात टाकला.

सोमवारी ती डोंगरावर जाऊन आली. मुलगा आता मला विचारल्याशिवाय पाना उचलत नाही, आणि सून शेजारणींना सांगत फिरते की सासू असावी तर अशी. मी दोनदा खरं बोलले. तिसऱ्यांदा बोलायला मी काही खुळी नाही.