पेडणेकरकाकांच्या टाकीतलं प्रवाळ

पेडणेकरकाकांच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी पंधरा दिवस गॅलरीत राहायची. छत्री असो, खुर्ची असो, नाहीतर दसऱ्याला घेतलेली कढई असो. लग्न होऊन मी अंधेरीला त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा आहेरात आलेल्या दोन लेमन सेटपैकी एक मी त्यांना कौतुकाने नेऊन दिला. तोसुद्धा पंधरा दिवस कबुतरांच्या संगतीत गॅलरीत बसला. मी फुगले. मग काकांनीच मला आत बोलावून टाकी दाखवली.

लोकांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो, तिथे काकांची चार फुटांची काचेची टाकी होती. आत समुद्राचं पाणी. वर्सोव्याचा एक कोळी त्यांना खोल दर्यातलं पाणी कॅनमध्ये भरून आणून द्यायचा. काकांनी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पोरांना बेडूक वाटले होते. रिटायर झाल्यावर, जिवंत काहीतरी बघावं म्हणून हा उद्योग मांडला.

"एकदा किनाऱ्यावरचा दगड तसाच आत ठेवला गो," ते म्हणाले. "भोकात खेकडा होता. महिन्याभरात मेल्याने माझे सगळे मासे खाल्ले. पाहुणा आपल्याला दिसतो, त्याच्याबरोबर कोण आलाय तो दिसत नाही."

तेव्हापासून टाकीत जाणारं सगळं पंधरा दिवस वेगळ्या बादलीत राहायचं. पुढे तोच कायदा लेमन सेटलाही लागला.

काकांचा एकुलता एक मुलगा दिलीप मालवाहू बोटीवर होता. काकी गेल्यापासून तो वर्षा-दीड वर्षाने यायचा आणि दोन दिवसांत जायचा. त्या वर्षी मार्चमध्ये आला तो हातात प्लॅस्टिकचा डबा घेऊन.

"बाबा, लक्षद्वीपला एका माणसाने दिलं. तुमच्या टाकीत चालेल ना?"

डब्यात प्रवाळ होतं. कातड्याची टोपी घातलेल्या तपकिरी अळंबीसारखं. काकांनी बाही वर सारली आणि ते थेट टाकीत नेऊन ठेवलं.

"काका, पंधरा दिवस?" मी म्हटलं.

"गप बस. पोराने आणलंय."

तिसऱ्या दिवशी त्या टोपीवर शेकडो इवली फुलं उमलली. अख्खी बिल्डिंग बघायला आली. वरच्या ओकवहिनींनी विचारलं, "पोवळंच ना हे? मंगळाला चालेल?"

"मंगळाला चालेल," काका म्हणाले, "पण बोटात कसं घालाल?"

महिन्याभराने दिलीपचं पत्र आलं. या वेळी बोट लवकरच परत मुंबईला लागतेय, शनिवारी घरी येतो. आणि त्याच आठवड्यात प्रवाळ मिटलं.

काकांनी आधी आमच्यावर संशय घेतला. माझ्या मिरचीच्या फोडणीवर, ओकवहिनींच्या धुपावर. जिन्यात उभं राहून ओरडले, "ढेकणांचं औषध कोणी मारलं?" चार दिवस मजल्यावर कोणी काही तळलं नाही. माझे मिस्टर सिगारेट ओढायला थेट नाक्यावर जायचे.

मंगळवारी काकांनी मला भिंग दिलं. प्रवाळाची कड कुरतडलेली होती. काल नव्हती अशी एक खाच आज दिसत होती.

"खाणारा आतच आहे," काका हळूच म्हणाले. "त्याच्याबरोबरच आलाय."

दुपारी त्यांनी पडदे ओढले. अंधार झाला की तो बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब. लाल उजेड त्याला दिसत नाही म्हणून बॅटरीला लाल कागद गुंडाळून माझ्या हातात दिली. दोन तास आम्ही टाकीसमोर उकिडवे बसलो. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

"हलू नको."

आणि मग प्रवाळाचा एक तुकडा चालायला लागला. तोच रंग, तशाच सुरकुत्या. नखाएवढी गोगलगाय होती ती, पाठीवर शंख नसलेली.

"गावलो!" काका किंचाळले. "गावलो मेलो!"

टोपीखाली आणखी दोन होत्या, आणि पांढरी अंड्यांची वेटोळी.

उपाय एकच होता. गोड्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे गोगलगाई सुटून पडतात. पण प्रवाळही समुद्राचंच.

"किती वेळ धरायचं?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. जास्त झालं तर हेही जाईल. तू घड्याळ बघ."

बुधवारी सकाळी, टाकीत भर घालायला ते नेहमी क्लोरीन उडावं म्हणून भरून ठेवायचे ते नळाचं शिळं पाणी त्यांनी पातेल्यात ओतलं आणि प्रवाळ त्यात धरलं. चाळीस सेकंद झाले, काही नाही. साठाला एक पडली. लगेच दुसरी. तिसरी चिकटूनच.

"काका, काढा आता!"

"थांब."

"ऐंशी झाले! काका!"

"थांब म्हटलं ना!"

नव्वदाला तिसरी तळाशी गेली. काकांनी जुन्या टूथब्रशने अंडी खरवडली आणि प्रवाळ टाकीत परत ठेवलं. ते ओल्या फडक्यासारखं लोळागोळा होऊन पडलं.

गुरुवार गेला. शुक्रवारी मी पेज नेली, ती तशीच राहिली. काका स्टुलावरून उठेनात.

"दुसरं मिळेल हो काका," मी म्हटलं.

"पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी आणलान गो त्याने," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवारी सकाळी एका कडेला सहा-सात फुलं उघडली. दुपारपर्यंत अर्धी टोपी भरली. चार वाजता दिलीप आला. मी चहा घेऊन गेले होते. त्याने बॅग ठेवली, तोंड धुतलं आणि सहज टाकीकडे बघितलं.

"अरे, हे अजून आहे? मला वाटलं, केव्हाच मेलं असेल."

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं.

"चिवट असतं रे," काका म्हणाले. "काही करावं लागत नाही त्याला."

दिलीपने बूट काढले, खुर्ची टाकीसमोर ओढली आणि काचेला नाक लावून बसला. "पुढच्या खेपेला आणखी एक आणू?"

"आण की."

काका त्याच्या मागे उभे होते. आठवडाभर प्रवाळ चाचपत टाकीच्या खाऱ्या पाण्यात राहून त्यांच्या उजव्या हाताची बोटं सोलवटून लाल झाली होती. तो हात त्यांनी पाठीमागे धरला होता.