न वळणारीचे थेंब

आळीच्या लेखी अंबिकाबाई रविवारी वारल्या. आता तसं काही घडलंच नाही असं समजून पुढं वाचावं. खुद्द अंबिकाबाईंनीही तेच केलं.

त्यांचे फक्त डोळे आतून सुजले होते. डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिनचे थेंब दिले. पण दत्तोपंत पडले संस्कृतचे निवृत्त मास्तर; नावाची व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय ते घरात औषधाचं बूच काढू देत नसत. त्यांनी जाडजूड कोश उघडला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"अ‍ॅट्रोपॉस! ग्रीकांची देवी. आयुष्याचा धागा कातरते. अ म्हणजे नाही, आपल्यासारखंच. न वळणारी!"

"मग हे तुमच्याच नावाचं औषध की," अंबिकाबाई म्हणाल्या. "पोरगी रडत गेली, तुम्ही वळून पाह्यलं का?"

लेकीनं, पद्मजानं, स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. दत्तोपंतांनी उत्तरादाखल बाटली तांदळाच्या डब्यात पुरली. मग शेजारच्या वच्छलाबाईंना एवढंच म्हणाले, "डॉक्टरनं हिला मृत्यूदेवीचं औषध दिलंय."

"अगं बया! म्हंजी आता आशा नाय?"

वच्छलाबाईंचे यजमान कारभारी कामाला लई चपळ. त्यांनी पद्मजाला तार ठोकली आणि येताना शहागंजच्या बाजारातून तिरडीसाठी बांबूही आणले.

पद्मजा दारातच हंबरडा फोडून बसली. आतून आवाज आला, "कोण रडतंय? पद्मे? कांदा चिरू लाग आधी."

दोघी रडल्या. कांदा निमित्ताला होताच.

पद्मजा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं तांदळातून बाटली उपसली. "बाबा, हे औषध ज्या झाडापासून काढतात, त्याचं दुसरं नाव बेलाडोना. सुंदर बाई. इटलीत बायका डोळे टपोरे दिसावेत म्हणून याचा रस घालायच्या."

दत्तोपंतांनी कोश पुन्हा काढला. होतं. पुढच्याच पानावर.

थेंब पडले, तशी अंबिकाबाईंची जवळची नजर गेली. समोरच्या गच्चीवरच्या मिरच्या लख्ख, मांडीवरची लेक धुरकट. त्या तिचा चेहरा चाचपत राहिल्या.

"दिसते का गं मी?"

"धुरकट. पण आहेस."

बांबूंवर दोडक्याचा वेल चढवला. डोळे निवळत चालले.

"थेंब संपले, की निघते मी," पद्मजा म्हणाली.

दत्तोपंत कागद घेऊन खिडकीशी बसले.

'मेहेरबान डॉक्टरसाहेबांचे सेवेशी. विनंती अर्ज ऐसा की, रुग्णाचे डोळे बरे होत असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. तरी सदर सुधारणा तात्काळ स्थगित करून थेंब पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावेत, ही नम्र विनंती.'