अकरा टेबलांचा अर्ज

थांबलेला कागद कुणीतरी वाचेल अशी भीती असते, म्हणून कोणत्याही शहाण्या राज्यात कागद चालता ठेवतात. एकोणीसशे एकाहत्तर साली केंद्रीय समन्वय खात्याने हे तत्त्व ज्या निष्ठेने पाळलं, त्या निष्ठेने त्याआधी कुणी पाळलं नव्हतं. नंतर सगळ्यांनीच पाळलं.

इतर खात्यांत मेळ घालणं हे या खात्याचं काम. दुर्दैवाने त्या साली इतर खात्यांचं आपापसात बरं चाललं होतं. वर्षभर बाहेरून एकही कागद आला नाही. (एक आला होता, पण तो शेजारच्या इमारतीचा निघाला. मन घट्ट करून परत पाठवला.) आतून मात्र एक आला: टंकलेखिकाबाईंचा बदलीचा अर्ज. बाईंचा नवरा दोनशे मैलांवर शाळामास्तर. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि भेट सुट्टीपुरती, त्यामुळे दोघांचं अजून एकही भांडण धड शेवटाला गेलं नव्हतं. संसार अर्धा राहिल्यासारखा बाईंना वाटे.

अर्ज अकरा टेबलांवरून जाई. दहा टेबलं ‘पाहिले, पुढे सादर’ असं लिहीत. अकराव्यावर साहेब ‘चर्चा करावी’ असं लिहीत (कुणाशी, हे लिहायचं राहून जाई), आणि अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर येई. एक टेबल ओलांडलं की एक कार्यवाही, आठवड्याला दोन फेऱ्या. वर्षाअखेर एक हजार एकशे सेहेचाळीस कार्यवाह्या भरल्या. (त्यातल्या दोन म्हणजे कागद कपाटामागे पडला आणि निघाला.) पट्टेवाल्याचे बूट झिजले, फाइलीचं कव्हर दोनदा बदललं. कामचुकारपणा कुणी केला नाही.

हेडक्लार्कला सगळे दादा म्हणत. बाईंना ते लेकीसारखं मानीत, त्यांच्या यंत्राला स्वतः तेल घालीत. बाईंनी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा दादा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“सही आजच घेतो, पोरी. पण मग उद्यापासून आम्ही काय करायचं? तुझ्या एका अर्जावर अकरा घरं चाललीत.”

बाई यंत्रापाशी जाऊन बसल्या.

मग वार्षिक अहवालाची वेळ आली. तो करण्याची पद्धत सोपी होती. मागच्या वर्षीचा घ्यायचा आणि आकडे बदलायचे. दादा मान वर न करता सांगत होते. आलेले अर्ज, एक. निकाली, एक. शिल्लक, निरंक.

बाईंची बोटं थबकली. “निकाली एक, दादा?”

“अगं, दरवर्षी तसंच असतं. शिल्लक दाखवून खात्याची अब्रू घालवायची का?”

बाईंनी टंकलं. पाच कार्बन लावून, एकही खाडाखोड न करता.

अहवाल छापून आला, वाखाणलाही गेला. दुसऱ्या दिवशी बाई तो घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. “पान नऊ, साहेब. माझा अर्ज निकाली निघालाय. मला मोकळं करा.”

“पण मी मंजुरी कुठे दिली?”

“छापलंय, साहेब.”

साहेबांनी पान दोनदा वाचलं. अहवालाखाली सही त्यांचीच होती. म्हणजे एक तर अहवाल खोटा, नाहीतर बदली खरी. पहिलं मनात आणणंसुद्धा नियमाबाहेर होतं. त्यांनी बाईंना मोकळं केलं.

खोलीवर अवकळा पसरली. दादांचे डोळे पाणावले, त्यातलं निम्मं पाणी बाईंसाठी होतं. जाता जाता बाईंनी पहिल्या टेबलावर एक कागद ठेवला: ‘बदलीच्या हुकमाची प्रत मिळावी, ही विनंती.’ असा हुकूम कधी निघालाच नव्हता. दादांनी तो कागद दोन्ही हातांनी उचलला.

पुढे साहेब बढतीवर गेले. दादा अकरा वर्षांनी सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशीही त्यांनी तो अर्ज पुढे सादर केला. पट्टेवाल्याला नवे बूट मिळाले. बाई आणि मास्तर चौतीस वर्षं मनसोक्त भांडले. खात्यात आता एकोणतीस टेबलं आहेत. प्रत अजून यायची आहे.

तुम्हीही कुठेतरी अर्ज देऊन वाट पाहत असाल. तो पडून आहे, असं म्हणून खात्याला नावं ठेवू नका. तो तुमच्याहून जास्त चालतोय. शिवाय गेल्या वर्षीच्या अहवालाप्रमाणे तो निकालीही निघालाय. तुम्ही अहवाल वाचला नाहीत, एवढंच.