ओट्यावरचा जॅक

एका जंगलात एक जॅक होता. हसू नका बाळांनो. तुमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट असते, मग जंगलात जॅक का नसावा?

जंगलाच्या कडेने जाणाऱ्या एका ट्रकमधून तो पडला होता. गाडी उचलायचा, लोखंडी, स्क्रूचा, चांगला वजनदार. दांडा एकीकडे फिरवला की वर चढायचा, दुसरीकडे फिरवला की खाली उतरायचा. जंगलात गाडी एकच, गव्याची. तिचं चाक रुतलं की पूर्वी सगळे मिळून गाडी उचलायचे आणि उचलता उचलता एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. जॅक आला आणि भांडणं मिटली. एकमेकांची तोंडं पाहायचीही गरज उरली नाही.

जॅक सांभाळायचा मान रंगोजी अस्वलाला मिळाला. रंगोजीला आजवर कसलाच मान मिळाला नव्हता. मधमाश्यासुद्धा त्याला चावताना अहो-जाहो करत नसत. त्यामुळे तो जॅकवर जीव ओवाळून टाकू लागला.

सोनाक्का वानरीण झाडावरून ट्रकवाल्यांना पाहत आलेली. ती म्हणाली, "रंगोजी, काम झालं की त्याला पूर्ण खाली उतरवून ठेवत जा. स्क्रूचे आटे पुसायचे, ग्रीस लावायचं आणि कोरड्या जागी झाकून ठेवायचं. ट्रकवाले असंच करतात बघ."

"खाली उतरवून?" रंगोजीला धक्काच बसला. "आपल्या जंगलाचा जॅक मान खाली घालून बसणार? आणि ग्रीस म्हणजे ते काळं ना? ज्यानं आपल्याला वर उचललं, त्यालाच काळं फासू म्हणतेस?"

"अरे, गंजेल तो."

"देव कधी गंजतो का, सोनाक्का?"

सोनाक्का कपाळाला हात लावून झाडावर चढली. तुमच्याकडे उत्तर असेल तर मनात ठेवा.

रंगोजीने नदीकाठी ओटा बांधला. जॅक पार शेवटच्या आट्यापर्यंत चढवला आणि ओट्यावर उभा केला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडून पाणी थेट आट्यांवर ओतलं. जॅक काही बोलला नाही, म्हणजे त्याला आवडलं असावं. मग दर अमावास्येला नारळ सुरू झाला. पुढचा अख्खा पावसाळा गाडी बाहेर निघालीच नाही आणि जॅक ओट्यावर उघड्यावर भिजला. कोणीतरी म्हणालं, लालसर दिसतोय. रंगोजी म्हणाला, "तेज चढलंय."

एके दिवशी गवा भोपळ्यांनी भरलेली गाडी मागे घेत होता. रंगोजी मागे उभा राहून हात हलवत होता. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." गाडी आली. चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीची मागची बाजू रंगोजीच्या डाव्या पायावर बसली.

गवा पुढे ओढू लागला की रंगोजीचा पाय पिळवटून निघे. ससा म्हणाला, "आधी भोपळे उतरवू या का?"

"जॅक असताना?" सगळे म्हणाले. ससा ओशाळला.

जॅक वाजतगाजत आणला. पण गाडीखाली जागा होती वीतभर आणि जॅक होता हातभर उंच. खाली उतरवावा म्हणून दांडा फिरवला, तर तो ढिम्म हलेना. आट्यांत कुंकू, कुंकवावर गंज, गंजावर पुन्हा कुंकू. शेवटी गव्याने जोर लावला, तेव्हा दांडाच निखळून त्याच्या हातात आला.

एवढ्यात गिधाडवैद्य समोरच्या झाडावर येऊन बसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. रंगोजीला आता खरोखर भीती वाटली. तो जॅककडे बघून म्हणाला, "माझं काय चुकलं ते सांग, पण पाय सोडव." जॅक पूर्वीसारखाच गप्प राहिला.

सोनाक्काला बोलायचं खूप होतं. तिने गिधाडाकडे पाहिलं आणि बोलणं गिळलं. मग म्हणाली, "असं करा. सगळ्यांनी मिळून गाडी जरा उचलून धरा. म्हणजे जॅक गाडीखाली बसेल."

ही गोष्ट सगळ्यांना पटली. सगळे गाडीला भिडले. कित्येक महिन्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या निघाल्या. गाडी वर आली, रंगोजीने पाय ओढून घेतला आणि जॅक खाली सरकवला. गाडी त्यावर छान टेकली.

"जॅक पावला," रंगोजी रडत रडत म्हणाला. लंगडत गेला आणि जॅकच्या पाया पडला. टाळ्या झाल्या. इथून पुढे अमावास्येला दोन नारळ फोडायचे, असं तिथेच ठरलं. गिधाडवैद्य मात्र नाराज होऊन उडून गेले.

सोनाक्काच्या तळहातांना फोड आले होते. तिने ते कोणाला दाखवले नाहीत. फोड सगळ्यांनाच आले होते आणि कोणीच दाखवत नव्हतं.

तात्पर्य: यंत्राची निगा राखू नये. निगा राखली की ते काम करतं आणि शेजाऱ्यांची गरज उरत नाही. गंजलेला जॅक मात्र अख्ख्या जंगलाकडून गाडी उचलून घेतो आणि वर नारळही खातो.