एकदम उघडलेली सदतीस घड्याळं

"गोळी सकाळीच द्यायची, नाश्ता झाल्यावर. आणि माणसाकडे लक्ष ठेवायचं. या गोळीने स्वभाव हलतो," मेडिकलवाल्या ताई म्हणाल्या आणि त्यांनी पाकिटावर पेनने एक सूर्य काढला.

सूनबाईंनी त्या सूर्याकडे पाहिलं. बालवाडीचा गृहपाठ आपल्यालाच का दिला जातोय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"स्टिरॉइड आहे, माहीत आहे मला. केमिस्ट्रीत पदवी आहे माझी. पहिला वर्ग."

"मग बरंच झालं," म्हणून ताई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. केमिस्ट्रीतल्या पहिल्या वर्गाला औषधाच्या दुकानात याहून जास्त मान नसतो.

आणि लक्ष ठेवायला सूनबाईंना कुणी शिकवावं? घरात पाच महिन्यांचं बाळ होतं आणि बाळाची एक वही होती. दूध किती वाजता, किती मिनिटं, ढेकर आला का, आला तर किती वेळाने, लंगोट ओला की भरलेला, भरलेला असल्यास रंग. रंगात चूक नको म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर हळदीपासून शेवाळापर्यंत छटांचा तक्ता चिकटवलेला. शिंकेचीही नोंद व्हायची. बाळ बिचारं शिंकलं की स्वतःच वहीकडे बघायचं.

गोळी होती सासऱ्यांची. बाबा घड्याळजी. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. चाळीस वर्षं तेच टेबल, तोच दिवा, डोळ्याला तेच भिंग. नियम एकच: उघडलेलं घड्याळ मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला सूनबाईंचे आईवडील आले, तेव्हाही हातातलं घड्याळ मिटेपर्यंत बाबांनी त्यांना तासभर बसवून ठेवलं होतं. बोलणं दिवसाला दोन वाक्यं. श्वासनळ्या सुजल्यामुळे दोन वाक्यांनंतर त्यांना धाप लागायला लागली, पण तिसरं ते कधी बोलतच नसल्यामुळे हे कळायला महिना गेला. मग डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

सूनबाईंनी त्या गोळीलाही वहीत जागा करून दिली. अडचण एवढीच, की सकाळचे सगळे रकाने बाळाने अडवलेले होते. संध्याकाळी आठचा एक रकाना मोकळा होता.

"पाकिटावर सूर्य आहे ना?" नवऱ्याने विचारलं.

"चोवीस तासांत एक गोळी. सकाळी घेतली काय, संध्याकाळी घेतली काय, रेणू तोच."

रेणूचा विषय निघाला की नवरा गप्प बसायचा. त्याची पदवी इतिहासातली.

तिसऱ्या दिवशी धाप गेली. चौथ्या दिवशी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात आल्या, तर ओटा लखलखत होता आणि डबे उंचीप्रमाणे कवायतीला उभे होते. बाबा शिट्टी वाजवत लंगोटांच्या घड्या घालत होते.

"बाबा, झोप झाली का?"

"झोप कसली घेऊन बसलीस सूनबाई, कामं किती पडलीयत! चहा ठेव. पाव किती आहेत? आठ? आठ कसे पुरतील? आणि हे बघ, ही खिडकी चुकीच्या भिंतीत आहे, माझ्या कालच लक्षात आलं."

सूनबाईंनी नवऱ्याला अभिमानाने बाजूला घेतलं. "बघितलंस? याला म्हणतात देखरेख."

"बाबा शिट्टी वाजवतायत," नवरा हळूच म्हणाला. "मी जन्मात ऐकली नव्हती."

"जरा मायेने केलं की माणूस फुलतो."

"अगं, पण खिडकी..."

"फुलू दे की त्यांना."

आणि बाबा फुलले. पाचव्या दिवशी सूनबाई चहा घेऊन दुकानात गेल्या, तेव्हा टेबलावर दोन घड्याळं उघडी होती. त्यांनी ती पाहिली. पाहिली नाही असं म्हणायची सोय नाही, कारण कप ठेवायला त्यांनीच एक घड्याळ जरा बाजूला सरकवलं. 'उरक वाढलाय,' असं मनात म्हणून त्या आत गेल्या आणि बाळाची शिंक वहीत लिहिली.

नवव्या दिवशी सकाळी बेकरीवाला आला. वडील गेल्यानंतर त्यांचं मनगटी घड्याळ त्याने दुरुस्तीला टाकलं होतं. त्याच्या हाकेने सूनबाई बाळाला कडेवर घेऊन बाहेर आल्या, आणि उंबऱ्यावरच थांबल्या.

दुकानात सदतीस घड्याळं आली होती. सदतीसच्या सदतीस उघडी होती. काटे साबणाच्या डबीत, चाकं बाळाच्या वाटीत, कमानी बुटाच्या पॉलिशच्या झाकणात, आणि स्क्रू जिथे जागा मिळेल तिथे. मधोमध बाबा, डोळे दिव्यासारखे.

"माझ्या वडिलांचं घड्याळ?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आहे ना, इथेच आहे," म्हणत बाबांनी हात गोल फिरवून अख्खी खोली दाखवली. "आधी सगळ्यांची चाकं, मग सगळ्यांच्या कमानी, मग सगळ्यांचे काटे. कारखान्यात असंच करतात. चाळीस वर्षं मी गाढवासारखा एकेक करत बसलो!"

बेकरीवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही झोपला कधी होतात?"

नऊ दिवसांत हा प्रश्न त्या घरात एकदाच विचारला गेला होता, आणि उत्तर ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. बाबांनी बोटांवर हिशेब करायचा प्रयत्न केला. मग त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी एक चाक चिमट्यात उचललं, दिव्याखाली धरलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं.

"हे कुणाचं आहे ते मला ओळखता येत नाहीये," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

आता सूनबाईंच्या हातून आणखी एक चूक व्हायची राहिली होती. तीही त्यांनी त्याच संध्याकाळी करून टाकली. गोळी बंद. आठच्या रकान्यात लाल फुली. दुसऱ्या दिवशी बाबा अंथरुणातून उठेनात. अंग दुखतंय, मळमळतंय, एवढंही नवऱ्याने खोदून विचारल्यावर सांगितलं. मग सगळे डॉक्टरीणबाईंकडे धावले. बाबा, बाळ आणि वही.

"नोंदी आहेत माझ्याकडे," सूनबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई वही बराच वेळ चाळत होत्या. "यात सासरे कुठे आहेत?"

"हे काय, उजवीकडे. शेवटचा रकाना."

रकान्यावर 'आठ वाजता', खाली आठ बरोबरच्या खुणा आणि एक फुली.

"आठ म्हणजे रात्रीचे आठ?"

सूनबाईंनी बाळाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे खुर्ची वळवली. "काका, आपलं शरीर असंच एक रसायन स्वतः बनवतं. पहाटे भरपूर, रात्री अगदी थोडं. ही गोळी म्हणजे त्याची कारखान्यात बनवलेली नक्कल, पण जास्त जोरदार. मेंदूत निरोप नेणारी रसायनं असतात. ती तयार करणारी आणि कामानंतर मोडून टाकणारी एन्झाइम्स असतात. ही गोळी त्यांच्या कामात ढवळाढवळ करू शकते. मग कुणी आनंदाने उडतं, कुणी रडतं, कुणाला झोप येत नाही, आणि पुष्कळांना काहीच होत नाही. नेमकं काय काय घडतं ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही. आणि इतके दिवस गोळी चालली की शरीर आपलं रसायन बनवायचं कमी करतं. ती एकदम तोडली की माणूस असा आडवा होतो."

बाबांनी विचार केला. "म्हणजे चावी जास्त दिली गेली. आणि मग कमानच काढून घेतली."

"अगदी बरोबर."

कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्यानेही सूनबाईंकडे पाहिलं नाही. त्याने भिंतीवरचं फुफ्फुसाचं चित्र इतकं मन लावून पाहिलं, की सूनबाईंना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

गोळी पुन्हा सुरू झाली, सकाळी, नाश्त्यानंतर, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी होत गेली. चार रात्रींनी झोप आली. मग शिट्टी गेली, आठ पाव गेले, खिडकीही आपल्या भिंतीत परत गेली. दुकानात एकेक घड्याळ उभं राहू लागलं. सूनबाई चिमटा घेऊन बाबांच्या शेजारी बसायच्या आणि चाकं मापाप्रमाणे लावून द्यायच्या. पहिलं मिटलं ते बेकरीवाल्याच्या वडिलांचं. त्याने ते कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि पावांची पिशवी टेबलावर ठेवून गेला. सदतिसावं मिटायला अडीच महिने लागले. त्यात एक स्क्रू उरला. तो कुणाचा, हे आजही माहीत नाही.

आता वहीत बाबांचं स्वतंत्र पान आहे: झोप, भूक, बोललेली वाक्यं. परवा तीन वाक्यं झाली.  सूनबाई धावत दुकानात गेल्या. टेबलावर एकच घड्याळ उघडं होतं. तिसरं वाक्य होतं, "ती वही ठेव आणि पोर घे, केव्हाची रडतेय."

तर, तुमच्या घरात कुणाला ही गोळी चालू असेल आणि ते माणूस अचानक फार गुणी वागायला लागलं असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांच्या खोलीत डोकावून या. रात्री झोपलात का, विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा. काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. गोळी मात्र आपल्या अकलेने बंद करू नका. त्या प्रयोगातही आमच्याकडे पहिला वर्ग आलेला आहे.